आवतण

आमच्या आईला गोल कानांनी कळतो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर आहे. गच्चीवर उभं राहिलं की शाहू स्टेडियमचा आवाज वाऱ्याबरोबर येतो. थंडीत सुरू झालेला फुटबॉलचा हंगाम उन्हाळा तापेपर्यंत चालतो. माझ्या लहानपणी मॅचच्या दिवशी दुपारी तीन वाजले की गल्लीतले बाप्ये एकेक करून बाहेर पडायचे. खिशात शेंगा, गळ्यात रुमाल, तोंडात मॅचशिवाय दुसरा विषय नाही. चारच्या सुमाराला गल्ली इतकी शांत व्हायची की नळाखालची घागर भरत आल्याचं घरात बसून कळावं. मग आई गच्चीवर जायची. वाळलेले कपडे काढते म्हणायची. कपडे काढून व्हायचे, घड्या घालून व्हायच्या, तरी ती स्टेडियमच्या दिशेला तोंड करून उभीच.

त्या आवाजाची तिनं बाराखडी बसवली होती. आवाज चढत चढत गेला आणि एकदम बसला, उतू जाता जाता दूध आचेवरून उतरवावं तसा, तर चेंडू बारवरून गेला. एकाच अंगानं शिट्ट्या उठल्या तर कुणाला तरी पाडलं. लांबच्या बाजूला आवाज फुटला आणि जवळची बाजू गप्प राहिली, तर गोल झाला, पण आपल्यावर झाला. आपला गोल कानाला लागायच्या आधी पोटात लागायचा. पाठोपाठ हलगी कडाडायची. आणि सगळ्यात अवघड होतं ते काहीच ऐकू न येणं. हजारो माणसं बसलेली असताना स्टेडियमवर एकाएकी सामसूम झाली की आई हातातली चादर तशीच धरून म्हणायची, "पेनल्टी हाय. पेनल्टीला सगळं गाव दम धरून बसतंय."

संध्याकाळी आबा, माझे वडील, घरी येऊन मॅच सांगायला बसायचे. आई चहा गाळता गाळता मध्येच विचारायची, "दुसऱ्या हाफात आपली पोरं दमली न्हवं?" आबा बोलायचे थांबायचे. तिच्याकडे बघायचे. आणि पुढची मॅच तिला सांगायचे, आम्हाला नाही.

कोल्हापूरचा फुटबॉल समजून घ्यायचा तर आधी तालीम समजून घ्यावी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांतल्या तालमी भरल्या. पुढं त्याच तालमींतून फुटबॉलचे संघ निघाले. म्हणून आमच्या संघांची नावं आजही लाल मातीची आहेत. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ. हे संघ कुणी बाजारात उभे केलेले नाहीत. जी पोरं गणपतीची वर्गणी मागायला येतात, लग्नात पंगत वाढतात, मयताला खांदा देतात, तीच पोरं मैदानात उतरतात. त्यामुळे संघाला पाठिंबा देणं हा आमच्याकडे आवडीनिवडीचा भाग नाही. शेजाऱ्याच्या घरी कार्य असताना आपण दार लावून बसतो का? तसंच हे.

आबा तरुणपणी आमच्या तालमीकडून लेफ्ट आऊट खेळले. एका मॅचला गुडघा गेला आणि खेळ संपला, पण मैदान संपलं नाही. त्यानंतर चाळीसेक वर्षं त्यांनी आमच्या संघाची मॅच चुकवल्याचं मला आठवत नाही. मी लहान असताना ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. वरून मला आधी माणसांच्या टोप्या दिसायच्या, मग मैदान, मग चेंडू. एकदा आमचा संघ तीन गोलांनी मागे होता. आजूबाजूची माणसं उठून निघाली. मी म्हटलं, "आबा, चला की आपण पण." ते हलले नाहीत. म्हणाले, "उठून गेला तो बघ्या. शेवटपर्यंत बसला तो आपला माणूस."

दहाव्या वर्षानंतर मी खांद्यावर मावेनाशी झाले आणि माझं स्टेडियममध्ये जाणंही थांबलं. कुणी बंदी घातली नव्हती. आईलाही कुणी कधी अडवलं नव्हतं. तालमीच्या पोरांच्या जर्सी ती धुवायची, सामन्याच्या आदल्या रात्री आठ-दहा जणांच्या भाकऱ्या थापायची, हरून आलेल्या पोराच्या घोट्याला हळदीचा लेप लावायची. पण चल म्हणून तिला कुणी म्हणालं नव्हतं, आणि आवतण नसताना जायचं नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. मग मीही तिच्याशेजारी गच्चीवर उभी राहू लागले. तिची बाराखडी तिथं शिकले. पुढं कॉलेज झालं, लग्न झालं, मुंबईत जोगेश्वरीला संसार मांडला. इथं लोकलचा, रिक्षांचा, नवरात्राचा आवाज आला, पण तो आवाज काही आला नाही.

२०१८ च्या मे महिन्यात आई-आबा नातवासाठी मुंबईला आले होते. रविवारी, ३ जूनला, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परतायचं तिकीट होतं. आबांना घाई झाली होती, कारण १४ जूनपासून रशियात वर्ल्ड कप सुरू होणार होता आणि वर्ल्ड कप कोल्हापुरात बघायचा असतो. तेव्हा आमच्या गल्ल्यांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे समोरासमोर लागतात, मेस्सीचे कटआऊट उभे राहतात, आणि या दोन देशांत पाऊलही न टाकलेली माणसं त्यांच्यासाठी रात्र जागवतात. माझा नऊ वर्षांचा मुलगाही आजोबांच्या वळणावर गेलेला. मेस्सीची दहा नंबरची जर्सी तो धुवायलासुद्धा देत नसे.

शुक्रवारी, १ जूनला, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, अंधेरीत, भारताची मॅच झाली. इंटरकॉन्टिनेन्टल कपची पहिली मॅच, चायनीज तैपेईविरुद्ध. भारत ५-० असा जिंकला, कर्णधार सुनील छेत्रीनं तीन गोल केले. आणि बघायला माणसं होती जेमतेम अडीच हजार. आबांनी ही बातमी शनिवारी सकाळी पेपरात वाचली. चष्मा काढून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "आपल्या पोरांची मॅच हाकेवर होती, आणि आपण घरात बसून होतो," एवढंच म्हणाले. आदल्याच वर्षी त्यांनी आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताच्या जर्सीत टीव्हीवर बघितलं होतं, आणि राष्ट्रगीताला घरात उठून उभे राहिले होते. त्या माणसाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच संध्याकाळी छेत्रीचा एक व्हिडिओ आला. माझ्या नवऱ्याच्या फोनवर आम्ही सगळ्यांनी तो डोकी जोडून बघितला. साधा उभा राहून, थोडा थकल्यासारखा, तो लोकांना म्हणत होता: या. टीका करायची तर करा, शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानात येऊन द्या. युरोपातल्या संघांवर जीव लावणाऱ्यांनाही तो म्हणत होता की आमचा दर्जा तेवढा नाही, पण तुमचा वेळ वाया जाणार नाही असं खेळू. सोमवारी केनियाविरुद्ध तो भारताकडून शंभरावा सामना खेळणार होता. त्याच्या आधी हा टप्पा एकट्या बायचुंग भुतियानं गाठला होता. आणि असल्या माणसाला, दोन दिवस आधी, हात जोडावे लागत होते.

मुलानं आजीला इंग्रजीचं मराठी करून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाला म्हणतोय त्यो? या म्हणून?"

"सगळ्यांना, आजी."

"बायकास्नीबी?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

आई पदराला हात पुसत उठली. "मग मलाबी आवतण आलंय की. मी येतो."

आबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू चाळीस वर्षं दारात उभं असलेलं माणूस त्यांना आत्ता दिसलं. मग नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, रविवारचं रिझर्वेशन रद्द करा. आणि पाच तिकिटं काढा." बरं झालं त्याच रात्री काढली, दुसऱ्या दिवशी सगळी तिकिटं संपल्याची बातमी आली.

सोमवारी संध्याकाळी निघताना आईनं सगळ्यांच्या हातावर दही-साखर घातली. "आजी, आपल्याला कुठं खेळायचंय?" मुलानं विचारलं. "बसायचं तर हाय न्हवं," ती म्हणाली. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. स्टेडियमबाहेर मुलानं निळी जर्सी मागितली, पाठीवर ११ असलेली, छेत्रीची. ती त्यानं मेस्सीच्या जर्सीवरूनच चढवली. फाटकावर नाव होतं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. आबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "गावात शाहू, हितं शहाजी. आपल्याच मांडवात आलोय." आई काही बोलली नाही. जिन्याच्या पायऱ्या चढताना तिनं माझं मनगट धरलं होतं. शेवटच्या पायरीवर हिरवं मैदान एकदम समोर आलं, दिव्यांच्या झोतात, पावसाच्या धारांसकट. तिची पकड घट्ट झाली आणि मग सुटली.

पाऊस कोसळत होता. मोसमाच्या आधीचा, मुंबईचा, आडवातिडवा पाऊस. एकही माणूस जागचं उठत नव्हतं. तीन दिवसांपूर्वी ओस पडलेल्या त्या पायऱ्यांवर आता पाय ठेवायला जागा नव्हती. निळ्या कपड्यांतली पोरं ढोल वाजवत होती, ऑफिसातून परस्पर आलेले बाप्ये पिशव्या डोक्यावर धरून उभे होते, आमच्या पुढच्या रांगेत तीन मुली गालांवर तिरंगा रंगवून आल्या होत्या आणि तो रंग पावसानं गळ्यापर्यंत ओघळला होता. आई त्या मुलींकडे कितीतरी वेळ बघत होती.

खेळ सुरू होण्याआधी छेत्रीचा सत्कार करायला भुतिया आला आणि आय. एम. विजयन आला. आबांनी नातवाला जवळ ओढलं. "तो बघ, विजयन. केरळातल्या त्रिशूरचा. लहानपणी तिथल्या स्टेडियममधे सोडा विकायचा. बाटल्या विकता विकता मॅच बघायचा. पुढं देशाचा कप्तान झाला." मुलानं पावसातून डोळे बारीक करून विजयनकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा तिचे ओठ हलत होते आणि डोक्यावरचा पदर निथळत होता.

पहिला हाफ पाण्यातच गेला. मैदानावर तळी साचली होती. पास दिलेला चेंडू निम्म्या वाटेत रुतून बसायचा, पळणारा पुढं निघून जायचा. आबा पुढं वाकून, जणू पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगत होते. "जमिनीवरनं नको. चिखलात चेंडू उचलायचा असतो. उचल, उचल!" केनियाची पोरं उंच, दणकट. गोल होत नव्हता. मध्यंतराला आम्ही चिंब होतो, आईच्या पिशवीतलं भडंग ओलं झालं होतं, आणि तरी ते हातोहात फिरलं; पुढच्या मुलींनीही मूठ मूठ घेतलं. त्यांतली एक म्हणाली, "आजी, तुम्ही नेहमी येता का मॅचला?" आई क्षणभर थांबली. "हो," म्हणाली. "चाळीस वर्षं झाली."

ते खोटं नव्हतं.

अडुसष्टाव्या मिनिटाला छेत्री बॉक्समध्ये घुसला आणि त्याला पाडलं. पंचाची शिट्टी वाजली. पुढच्या लोकांनी उभं राहून सगळं झाकलं होतं. आईला मैदान दिसत नव्हतं. ढोल थांबले. हजारो माणसांचा कल्लोळ एकदम खाली बसला आणि नुसता पावसाचा आवाज उरला. त्या सामसुमीत आईनं डोळे मिटले आणि हळू आवाजात मला म्हणाली, "पेनल्टी हाय."

मी मान हलवली. माझा गळा भरून आला होता. गच्ची, वाळलेले कपडे, हातात धरून ठेवलेली ती चादर, सगळं त्या पावसात माझ्या शेजारी उभं होतं.

छेत्रीनं चेंडू जाळ्यात मारला.

पुढं काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही. आबांनी नातवाला उचललं, गुडघ्याचा विचार न करता. नवरा अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला होता. आणि आई दोन्ही हात वर करून ओरडत होती. आयुष्यभर जिचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर गेला नाही, ती माझी आई, पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड पावसाकडे, शब्द नसलेलं काहीतरी पोटातून ओरडत होती. तीनच मिनिटांनी भारताच्या जेजेनं दुसरा गोल ठोकला, सणसणीत, आणि पहिल्या गोलाचा आवाज खाली यायच्या आधीच त्यावर दुसरा चढला.

सामना संपता संपता, जादा वेळात, छेत्री एकटा सुटला. समोर पुढं आलेला गोलकीपर, पायाखाली चिखल. त्यानं चेंडू हलकेच उचलला. तो कीपरच्या डोक्यावरून सावकाश गेला आणि जाळ्यात उतरला. "उचलला!" आबा म्हणाले. नुसतं तेवढंच, पुन्हा पुन्हा. "उचलला बघ." ३-०. चिखलात खेळलेला एक म्हातारा लेफ्ट आऊट, डोळ्यांतलं पाणी पावसावर ढकलून, उभा होता.

मॅच संपली तरी कुणी जाईना. भारताची पोरं चालत प्रेक्षकांसमोर आली आणि सगळ्यांनी मिळून डोक्यावर हात नेऊन टाळ्या धरल्या. एक टाळी, मग थांबायचं. पुन्हा एक, पुन्हा थांबायचं. मग हळूहळू लय वाढवत न्यायची. आईला तो ठेका लगेच सापडला. झिम्म्यात वाढलेले हात ते.

बाहेर रस्त्यावर पाणी भरलं होतं. रिक्षा मिळायला तास लागला. मिळाली तसा मुलगा आबांच्या मांडीवर झोपून गेला, दोन जर्सी एकावर एक. रस्त्यातले दिवे काचेवर ओघळत होते. आई बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे वळून, काहीतरी हरवलेलं सांगावं तशी म्हणाली, "आत बसल्यावर आवाज ऐकू येत न्हाई गं."

मी म्हटलं, "केवढा गोंधळ होता, आई."

"तसं न्हवं. गच्चीवर मला सगळं ऐकू यायचं. कोण कुठल्या बाजूनं ओरडलं, कधी ओरडलं. हितं काय बी कळंना." तिनं ओला पदर पिळला. "मग ध्यानात आलं. त्यो आवाज मीच काढत होतो."

आबा रिक्षाबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. पण त्यांचा हात नातवाच्या डोक्यावरून निघून आईच्या हातावर येऊन थांबला.

दोन दिवसांनी ते कोल्हापूरला परतले. १० जूनला केनियाविरुद्धची फायनल आम्ही दोन घरांत, टीव्हीवर, फोन सुरू ठेवून बघितली. छेत्रीनं दोन गोल केले, कप आपल्याकडे आला, आणि त्याचे आंतरराष्ट्रीय गोल चौसष्ट झाले, तेव्हाच्या मेस्सीइतके. मुलानं ते दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले. त्या वहीचं ते पान मी जपून ठेवलंय.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. जानेवारीतला रविवार, दुपारचे साडेचार. मी गॅलरीत कपडे काढत होते. फोन वाजला, आईचा. मी हॅलो म्हटलं, पलीकडून बोलणं नाही. नुसता आवाज. शेकडो माणसांचा, हलग्यांचा, शिट्ट्यांचा. तिनं फोन हातात उंच धरला असणार. मी तशीच उभी राहिले, अंगावर वाळलेली चादर घेऊन. आवाज चढत चढत गेला. मग एकदम सगळं शांत झालं, इतकं की मला वाटलं फोन कट झाला. मी दम धरला.

आणि तो फुटला. आधी पोटात लागला, मग कानात. घरातून मुलानं ओरडून विचारलं, "काय झालं गं आई?"

मी म्हटलं, "गोल झाला. आपला."